फियाटचा तळ

बाकं काढून भिंतीशी टेकवली
तेव्हा गाडी एकदम मोठी वाटली,
सामान हलवलेल्या खोलीसारखी.
रबरी मॅटखाली नमदा, नमद्याखाली डांबराचा पापुद्रा,
त्याखाली एकाहत्तर सालचा पत्रा,
जिथे उरला होता तिथे.

लाझरस पाटोळ्यांनी पान्याचं टोक नुसतं टेकवलं
ड्रायव्हरच्या टाचेच्या जागी,
आणि ते आरपार गेलं.
भोकातून खडकीची जमीन दिसली, तेल प्यायलेली.
"लोकांना वाटतं गंज रस्त्यावरून चढतो.
तो वरून उतरतो, साहेब.
ओल्या चपला, कलंडलेला थर्मास.
नमदा पाणी पितो अन् कुणाला सांगत नाही."

बत्तीस वर्षं त्यांनी लष्करी वर्कशॉपात रणगाडे उघडले.
तिथे कुणी म्हणत नाही, जरा आवाज कमी करा.

नमद्यात केसांचा एक आकडा सापडला,
आणि चार आण्यांचं नाणं.
नाणं त्यांच्या पोऱ्याने घेतलं.
आकडा मी.

आठ दिवस नुसतं खरवडणं.
मग कुजका भाग कापून नवा पत्रा,
टाके जवळजवळ, गोधडीला घालतात तसे;
रेड ऑक्साइडचे दोन हात,
सांध्यांत लांबी,
आणि नाना पेठेतून आणलेले ते काळे, चिकट तक्ते,
पाठीवर चांदीचा वर्ख.
उन्हात मऊ करायचे आणि रुळाने दाबत न्यायचे,
पोळी लाटल्यागत, कडेकडेला हवा राहू न देता.
"तळाची ही चार बुचं मात्र झाकायची नाहीत," पाटोळे म्हणाले.
"पाणी येणारच. त्याला जायला जागा पाहिजे."

पहिल्या दिवशी पत्र्यावर बोट वाजवलं होतं: टण्ण, आणि मागे लांब शेपूट.
आता वाजवलं: ठक.
पोऱ्या हसला. म्हणाला, भिंत झाली.

बाबा चालवायचे तेव्हा आई बोलायची.
कात्रजला सुरू व्हायची ते खंबाटकी उतरेपर्यंत,
समोरच्या काचेकडे बघत, अखंड.
पायाखाली गिअरबॉक्सचा घुमारा,
चाकांनी उडवलेली खडी ताडताड तळाला,
मध्येच बाबा मान न वळवता: "काय?"
"काही नाही."
आणि पुन्हा ओठ चालू.
मला मागून तिची फक्त कानशिलं हलताना दिसत,
आणि तो आकडा, किंवा त्याच्यासारखाच एखादा.

वर्षभरापूर्वी बाबा गेले.
गाडी मी दुरुस्त करायला घेतली ती तिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो.

रविवारी तिला पुढे बसवलं.
गालिचा नवा, तपकिरी; तिने चपला बाहेर काढल्या,
मी म्हटलं अगं राहू दे, तर म्हणाली, ओल्या आहेत.
स्वारगेट, बिबवेवाडीचा फाटा, भारती विद्यापीठ.
गाडी अशी चालली की
तिच्या बांगड्या मला ऐकू येत होत्या,
आणि घड्याळ, जे बंद आहे असं आम्ही समजत होतो.

जुन्या बोगद्यापाशी मी म्हणालो,
"बोल ना. आता सगळं ऐकू येतं."

ती बराच वेळ गप्प.
मग: "ऐकू येत नव्हतं
म्हणून तर बोलायचे."

पुढे एक ट्रक होता, उसाचा, दमलेला.
मी त्याच्या मागेच राहिलो.
तिने काचेचा दांडा धरला,
हाताला जड, तरी फिरवत राहिली,
पूर्ण खाली.
बोगद्यातला सगळा गडगडाट आत आला,
ट्रकचा, हॉर्नचा, भिंतींवरून उलटून आलेला आमचाच,
सतरा हजारांचं काम
एका खिडकीतून वाहून गेलं.

तिचे ओठ हलू लागले.

मी रस्त्यावरून नजर काढली नाही.
थोड्या वेळाने, विचारायचं म्हणून,
विचारलं: "काय?"