मागच्या सीटचा स्विच

मला रस्ते पाठ आहेत.
म्हणजे खरोखर पाठीतच आहेत.
खंबाटकीचं वळण वरती कुठेतरी, खांद्यांच्या मधे.
नसरापूर फाट्याचा ठिगळं लावलेला पट्टा
खाली, चौथ्या-पाचव्या मणक्यात,
जिथे डॉक्टर रानड्यांनी फिल्मवर पेन्सिल टेकवली
आणि म्हणाले, "गाडीवर मागे बसणं बंद."

दिवाकर घरी येईपर्यंत गप्प.
रात्री आमटी वाढून घेताना म्हणाला,
"बंद कशाला? हवेचं सस्पेन्शन बसवू."

नाना पेठ. पार्टच्या दुकानांमागचा बोळ.
झुबेर तांबोळीच्या गॅरेजात
गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी,
जुने दोन्ही शॉकअप पोत्यावर आडवे,
तेल गळून गळून काळे.
मला ते ओळखीचे वाटले.
एक लाख दहा हजार किलोमीटर
आम्ही तिघांनी मिळून दणके खाल्ले होते.

झुबेर नव्या ब्लेडने नळी कापतो.
"तिरकी कापली की हवा जाते, भाभी."
सायलेन्सरपासून चार बोटं लांब धरून
तो ती फ्रेमच्या आतून ओवतो,
नाडी ओवावी तशी.
सीटखाली लाडवाच्या डब्याएवढा कॉम्प्रेसर.
तिथे इतके दिवस आमचे रेनकोट असायचे.
ते आता कुठे ठेवायचे, हे कुणीच विचारलं नाही.

मग मोजमाप.
रिकामी गाडी: टेप, आकडा, खडूने शटरवर.
दिवाकर बसल्यावर: टेप, आकडा.
"आता भाभी. वजन किती?"

समोरचा चहावाला,
हवा भरायला आलेला पोरगा,
बेअरिंगची पुडी घेऊन उभे असलेले एक काका,
सगळा बोळ थांबला.

"साठ," मी म्हणाले.

दिवाकर एका बोल्टकडे फार लक्ष देऊन बघायला लागला.
झुबेरने टेप पुन्हा लावली.
"गाडी सत्तरच्या पुढे म्हणतेय."
तो हसला नाही,
म्हणून मग मीच हसले.

"थोडी दबून बसायला पाहिजे," तो म्हणाला,
"तीन भागांत एक. कमी दबली तर दगड.
सगळीच दबली, तर पुढच्या खड्ड्याला काय देणार?"
मी दिवाकरकडे पाहिलं.
तो तेराचा पाना शोधत होता.
पाना त्याच्याच हातात होता.

साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर.
आम्ही तिघं उकिडवे, श्वास धरून.
टीच्या उजव्या बाजूला एक बुडबुडा आला,
मोठा होत गेला, त्यात बोळ उलटा दिसला,
चहावाल्यासकट.
"सापडली," झुबेर म्हणाला,
आणि तो फुटेपर्यंत थांबला.

शेवटी स्विच. तो डाव्या हँडलशी न्यायला लागला.
"इथे लाव," मी म्हणाले. "मागे. माझ्या मांडीशी."
"अगं, ते चालवणाऱ्याच्या हाताशी असतं."
"बसतं कुणाला?"
झुबेरने वायर वीतभर मोजून बघितली.
"दीड फूट जादा लागेल," एवढंच बोलला.

रविवारी पहाटे निघालो. बेचाळीस पाऊंड.
धनकवडीपर्यंत सतरा स्पीडब्रेकर,
त्यातले निम्मे कुणीतरी आपल्या दारापुरते घातलेले.
पाठ हुशारीने बसली होती,
नवीन शाळेत बसावं तशी.

कात्रजच्या जुन्या घाटात गाडी ताठ वाटली.
मी बटण दाबलं. फुस्स.
कुणाची तरी हवा काढून
इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.
गाडी बोटभर खाली बसली,
वळणाला लागून
आपल्याच तोऱ्यात निघाली.

बोगद्याआधी दिवाकर हेल्मेट मागे वळवून ओरडला,
"किती ठेवलंस?"
"छत्तीस!"
"खरं सांग!"
"खरं!"

अडतीस होते.