चार बोटांचा उतार

साडेसहाला नेरूळहून निघतो.
एकच गिअर, घंटीचं झाकण हरवलेलं,
हँडलला कापडी पिशवी, पिशवीत दोन केळी,
पंक्चरचं सामान आणि चष्म्याचा दुसरा जोड.
पोचायचं कुठे नाही, म्हणून उशीर होत नाही.

पाम बीच रस्ता ओलांडला तरी गाड्यांचा आवाज
लगेच सुटत नाही. ओळखीच्या कुत्र्यासारखा
थोडं अंतर मागे मागे येतो,
बांध लागला की कंटाळून परत फिरतो.

बांधावर सायकल म्हणजे
चालण्याहून जरासं जास्त, एवढंच.
डावीकडे तिवरांची मुळं, चिखलात
कुणी टोक करून उलट्या खोचलेल्या पेन्सिली.
उजवीकडे वीतभर पाणी, त्यात फ्लेमिंगो.
किती, ते सांगणार नाही.
मोजायचं काम मी चौतीस वर्षं केलं.

आज अष्टमी. भांगाची भरती,
येऊ की नको करत अर्ध्या खाजणात थांबलेली.
निवटे चिखलावर बसून माझ्याकडे बघतात,
मी केळं सोलतो,
दोघांनाही काही काम नाही.

चौऱ्याऐंशी साली इथेच उभा होतो.
तिपाईवर लेव्हल, डोक्याला ओला रुमाल,
समोर गुडघाभर चिखलात पट्टी धरून
करावे गावचा बाळाराम तांडेल,
तोंडात विझलेली विडी.
मी आकडा वाचायचो, वहीत उतरवायचो.
शेवटच्या रकान्यात शेरा: सपाट.
खालीही सपाट.
त्याच्या खाली नुसती दोन टिंबं, वरीलप्रमाणे,
पानभर वरीलप्रमाणे.
त्या टिंबांवर आता बारा-बारा मजले आहेत
आणि पावसाळ्यात तळघरात रात्रभर पंप चालतो.

तर, उघाडीच्या जरा पुढे
गुडघा दुखला म्हणून पायडल मारायचा थांबलो.
सायकल थांबली नाही.

वारा म्हणावा, तर तो खाडीकडून, समोरून.
उतरलो. मागे गेलो. पुन्हा बसलो.
पुन्हा तेच: बाभळीच्या खुंटापासून
पडक्या पाइपापर्यंत
चाक आपलं आपण फिरतंय,
जाणवेल न जाणवेल असं,
झोपेत कूस बदलावी तसं.
तीनदा करून पाहिलं.
सरकारी माणूस आहे, एका वाचनावर विश्वास नाही.

पाण्याच्या कडेला एक बाई फग उचलत होती.
चिंबोरी सुतळीने आवळता आवळता म्हणाली,
'काय शोदतंव काका? पडलं काय?'
म्हटलं, इथे उतार आहे.
ती हसली. 'ती वघल हाय. पानी हितशीच जातं,
माजं लगीन जालं त्याच्या आदीपासून.
सासरा सांगाचा, सायबाला बोललू व्हतू,
चार बोटांचा उतार हाय, लिव.
सायेब बोलला, चार बोटांनी काय व्हतंय.'

सासऱ्याचं नाव विचारायला तोंड उघडलं
आणि विचारलं नाही.
पाइपावर एक खंड्या बसला होता, तो उडाला.

मला आठवत नाही असं काही बोलल्याचं.
पण वाक्य माझंच आहे.
शब्दांची ती ठेवण ओळखीची,
दुपारचे बारा, अंगठ्याला शाई,
जीप दोनला निघणार
आणि अजून अकरा खुणा बाकी.

चिंबोऱ्या घेतल्या दोन. भाव केला नाही.
पिशवी हँडलला लटकवली, ती आतून खुडबुडत राहिली.

परतीला ऊन वर आलं होतं.
पडक्या पाइपापासून बाभळीच्या खुंटापर्यंत
जमीन डोळ्याला अगदी सपाट दिसते, आजही.
मांडीला मात्र लागते.
तिथे उतरलो नाही.
जिभेखाली एकेक आकडा म्हणत
एक, दोन, तीन, चार
हळूहळू चढलो.