निशाणी डावी करंगळी

फहाहीलच्या मासळीबाजारामागं आमचं टायपिंगचं दुकान.
दोन टेबलं, एक गळका एसी, त्याखाली बादली.
मी लांज्याचा. दिवसभर माणसांची नावं
उजवीकडून डावीकडे लिहितो.
एका फॉर्मचा अर्धा दिनार. चहा फुकट.

शालन तुळसकर चौथ्यांदा आली
तेव्हा तिच्या पिशवीत बताका, पासपोर्ट
आणि व्हॅसलीनची डबी.
"मशीन नाय म्हणता," म्हणाली,
आणि दहाही बोटं टेबलावर मांडली,
वाट्यावर तारल्या मांडाव्यात तशी.

मी दिवा जवळ ओढला.
कातडी नुसती चकाकत होती.
पुसलेल्या पाटीवर निदान
खडूची धूळ राहते.

सतरा वर्षं वेंगुर्ल्याच्या कारखान्यात बिया फोडल्या तिनं.
राखेत हात घोळायचा, बी धरायची,
चीक उडायचा, कातडी सोलून निघायची,
नवी यायची, तीही जायची.
मग इथं, अबू नासेरच्या घरी, अकरा वर्षं
परात, हंडे, क्लोरॉक्स.

बसमा नाही तर इकामा नाही.
इकामा नाही तर बँकेतले पैसे
तिचेच, पण तिच्यासाठी नाहीत.

"माजी आवस अंगठो लावी.
सोसायटीत, तलाठ्याकडे, सगळीकडे.
माका लाज वाटायची.
म्हणान रातच्या शाळेत जावन सही शिकलंय.
आता सही कोण इचारता?
अंगठोच व्हयो सगळ्यांका."

तीन दिवस पाण्यात हात घालू नका, मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणताच ओशाळलो.
त्याच आठवड्यात अबू नासेरच्या धाकट्याचं लग्न होतं.

शेवटी दुकान ओढून घेतलं आणि गेलो तिच्याबरोबर.
काचेपलीकडे मुनीरा नावाची मुलगी, पंचविशीची,
नखांवर उतरत चाललेली मेंदी.
तिनं शालनचा अंगठा ओल्या कागदानं पुसला,
स्वतःच्या अंगठ्यानं वरून दाबला.
लाल.
तर्जनी. लाल.
मधलं, लाल. फुंकर मारून पुन्हा, लाल.
रांगेतला एक बंगाली ड्रायव्हर जांभई देता देता थांबला.

मुनीरानं श्वास सोडला, खुर्ची मागं रेटली,
खान्याची बशी पुढं केली. घे, म्हणाली, खा थोडं.
पिस्ते, बदाम, काजू.
शालननं एक काजू उचलला,
दिव्यासमोर धरून फिरवला.
"दोनशे चाळीस नंबर," मला म्हणाली. "आमच्याकडचोच आसतलो."
आणि परत ठेवून दिला.

मग डावा हात.
अंगठा, लाल. मी मोजणं सोडलं होतं.
करंगळीवर मशीन जरा रेंगाळलं,
विचारात पडल्यासारखं,
आणि हिरवं झालं.

पडद्यावर ती करंगळी केवढी मोठी दिसली!
भोवऱ्यासारख्या रेषा, एकीत एक,
मधून आडवा गेलेला जुना व्रण.
पहिल्याच वर्षी पातं लागलं होतं, ती म्हणाली,
चिंधी बांधली. जखम भरली,
पण चिंधीची सवय काही सुटली नाही.
मुकादमीण हसायची.

एवढं एकच बोट काय ते वाचलं
आणि त्याच्यावर दोन वर्षांचा इकामा.

मग डोळे. मोठे उघड, पापणी हलवू नको.
ते एका फटक्यात झालं.
कशानं पाणावले होते, मशीननं विचारलं नाही.

पंधरवड्यानं नवा बताका घेऊन आली.
नाव वाचून दाखव म्हणाली.
"शालान तुलसकर," मी वाचलं.
"तुलसकर?"
अरबीत ळ नाही, वहिनी.
"मगे तो जाता खंय?"

इतकी वर्षं किती जणांचे ळ मी गाळले असतील.
गावकऱ्यांना नसतो, पण काळे, गोगटेंच्या शेजारचे माळी,
कुडाळचे लोक, वेळणेश्वरचे,
कुणीच कधी विचारलं नव्हतं.

मी पावती फाडली.
"सही करू मा?"
आमच्या पावतीवर गिऱ्हाइकाची सही लागत नाही.
मी पेन दिलं.
तिनं पदर खोचला, जीभ दातांत धरली,
आणि ळ ची दोन्ही वेटोळी
सावकाश, रकान्याबाहेर जाईपर्यंत काढली.