उणिवा शेवटी

एकशे चौदा पानं. हिल्का रोज चार उरकते,
दुपारी तीनलाच अंधारणाऱ्या ओउलूत,
खिडकीशी बसून, लोकरी मोजे रेडिएटरवर वाळत घालून.

काम साधं आहे, म्हणजे कुणाला सांगण्याजोगं नाही.
आधी नाव. मग वापराची एक ओळ.
मग वर्णन, पर्याय, परत येणारे आकडे, फायली,
उदाहरणं, हेही पाहा, इतिहास, लेखक.
उणिवा सगळ्यात शेवटी.
एकशे चौदा आज्ञा, आणि प्रत्येकीचं पान
कुणीतरी कधीतरी आपल्या लहरीनं लावलेलं.
एकानं इतिहास इतका वर घेतलाय
की आज्ञा करते काय, हे कळायला
दोन पडदे खाली उतरावं लागतं.

(आपल्याकडे पान वाढतात तेव्हा
मीठ कुठे, लिंबू कुठे, कोशिंबीर कुठल्या बाजूला, ठरलेलं असतं.
दिवे गेले तरी हात चुकत नाही.
हिल्काला हे कुणी सांगितलेलं नाही.
ती एवढंच म्हणते: बोटांना वाचता येत नाही,
त्यांना जागा पाठ असते.)

एकोणिसाव्या दिवशी ‘साल्पा’चं पान येतं.
साल्पा म्हणजे तिकडच्या भाषेत कडी.
ताइस्तोनं लिहिलेलं. ताइस्तो,
जो बैठकीलाही सायकलचं हेल्मेट घालून बसायचा
आणि गेल्या एप्रिलात, नदीवरचा बर्फ फुटायच्या आधी, गेला.

पानावर पहिलंच, ठळक अक्षरांत: उणिवा.
‘डिस्क भरलेली असेल तर ही आज्ञा खोटं बोलते.
शून्य परत करते. झालं म्हणते.
झालेलं नसतं.’
आज्ञेचं नाव त्याच्याखाली.

यावरून दोघं भांडले होते एकदा.
तो म्हणाला, होडी विकताना आधी भोक दाखवावं.
ती म्हणाली, भोकाची जागा ठरलेली असेल
तर दाखवायला माणूस लागत नाही.
मग कॉफी आली, आणि विषय अर्धाच राहिला.

आता ती त्या ओळी उचलते.
वरचं पान एकदम सभ्य दिसायला लागतं.
ते तिला आवडत नाही.
ओळी तळाशी ठेवते.
ठेवताना दिसतं, त्याच्यावरची जागा रिकामी आहे:
लेखकाचा रकाना ताइस्तोनं कधी भरलाच नव्हता.
सक्ती नाही त्याची. कितीजण सोडून देतात.

ती लिहिते: ताइस्तो केरानेन.
नावाला लागूनच, खाली, उणिवा.

*

फेब्रुवारी. केमियार्वीचं पाणीपुरवठा केंद्र, पहाटेचे तीन.
साइमी पान उघडते आणि वरचं काहीही न वाचता
थेट तळाला नेणारी कळ दाबते,
कारण वीस वर्षांत पानांनी तिला शिकवलंय
मोडकं काय ते कुठे ठेवलेलं असतं.
‘झालं म्हणते. झालेलं नसतं.’
ती एक शिवी हासडते, कुणाला ते तिलाही ठाऊक नाही,
आणि डिस्क बघायला उठते.
वरचं नाव तिच्या नजरेत आलं की नाही, सांगता येत नाही.

*

पण ते पुढचं. आज अजून डिसेंबर आहे.
बदलाच्या नोंदीत हिल्का लिहिते:
फक्त क्रम बदलला. मजकूर जसाच्या तसा.
यंत्र शून्य परत करतं.

मोजे वाळलेत. एक घालते, दुसरा हातातच,
आणि पंचाहत्तरावं पान उघडते.