खांदेपालट

अकरा सामने हरल्यावर, बाराव्याच्या आधी,
क्लबचा मॅनेजर फवाझ दुकानात येतो
आणि जर्सींचा गठ्ठा काउंटरवर टाकतो.
"ही नावं उसव. ही शिव. गुरुवारपर्यंत."
मुहर्रकच्या या गल्लीत बातमी
आधी माझ्या कात्रीला कळते,
मग पेपरला.

वरचीच जर्सी खलफची.
नऊ वर्षं तोच पंधरा नंबर. उंची अशी
की दर हंगामात खालून चार बोटं कापड जोडायचो.
तो चालला पुलापलीकडच्या संघात.
बदल्यात दोन पोरं: मिर्झा, अजून मिसरूड न फुटलेला,
आणि एक गार्ड, ज्याला सोडताना
तिकडे कुणाला वाईट वाटलं नाही म्हणे.
वर थोडी रोकड.
शंभराची नोट मोडावी
तसा खलफ मोडला.

फवाझ चहा घेत हिशेब सांगतो:
गुडघा चौतीस वर्षांचा, पगार दोघांचा,
नाव मोठं, उडी लहान.
"दोन वर्षं अजून हरू, उस्ताद. मग बघ."
मी मान हलवतो.
कापड कुठे विरलंय हे शिंप्याला कोण विचारतं?
काखेत विरतं. सगळा जोर तिथेच येतो.

माझाही कफील तीनदा बदललाय.
पहिल्याने दुसऱ्याला दिलं
दोन मशिनी आणि एका इस्त्रीसकट;
यादीत माझं नाव इस्त्रीच्या खाली होतं.
दापोलीहून हमीदाने फोनवर विचारलं,
"मालक बदलला म्हणजे बढती झाली का?"
हो म्हणालो.

ब्लेड लावलं तर कापड फाटतं.
सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा.
खे निघाला. लाम निघाला. फे
शेवटपर्यंत धरून बसला.
या नावाचा अर्थ मला फवाझनेच सांगितला होता कधीतरी:
मागून येणारा.

नव्या जर्सींना क्लबकडे पैसे नाहीत.
चार बोटं कापून टाकली, बाजू आत घेतल्या,
पण बाकी लाल रंग घामाने, धुण्याने विटलेला
आणि नावाखालचा कोराच्या कोरा.
धागा नसतानाही खलफ वाचता येतो.
त्यावर मिर्झाची अक्षरं पसरून बसवली;
एक लाम तरीही बाहेर डोकावतोय.

गुरुवारी सामना दुकानातल्या छोट्या टीव्हीवर.
पोरगं धावतं सुसाट, आणि बॉल देतं
जिथे कुणीच उभं नसतं तिथे:
खलफ उभा राहायचा त्या जागी.
(त्याला कुणी शिकवलं? बहुतेक कुणीच नाही.)
हरलो. सहाने.
मागच्या वेळी एकतीसने हरलो होतो.
समोरचा भाजीवाला म्हणाला, सुधारणा आहे.

शनिवारी दुपारी, शटर अर्धं खाली असताना,
कुणीतरी वाकून आत आलं.
हातात निळी जर्सी, घडी न मोडलेली.
"पुलापलीकडच्या शिंप्याला माप कळत नाही,"
खलफ म्हणाला. "पोट उघडं पडतं."
कापलेली ती लाल पट्टी अजून माझ्या खणात आहे.
तिचा इथे काय उपयोग.
निळं कापड शोधायला लागेल, म्हणालो,
आणि टेप काढली.

त्याने न सांगताच दोन्ही हात वर केले.
बोटं पंख्याला लागतील म्हणून
मी आधी पंखा बंद केला.