खाऊ नका

गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतून
मी त्या पुड्या वेचते,
बोटाच्या पेराएवढ्या, आत काचेचे दाणे,
वर इंग्रजीत ताकीद : खाऊ नका.
शेठ विचारतात, लोणचं घालणार का यांचं?
मी म्हणते, घरी एक जण आहे, तिला दमट हवा सोसत नाही.
शेठना वाटतं, सासू.

ती पेटीत झोपते, पलंगाखाली, चादरीच्या घडीवर.
बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाही,
त्या भिंतीला पाझर असतो.
अठरा हप्त्यांत घेतली, कलिन्याच्या गावठाणात
बालतझार किणींकडून,
ज्यांनी पहिल्या हप्त्याआधी माझी नखं तपासली
आणि विचारलं, हाताला घाम येते का गो?
येतो, म्हटलं.
मलमलीचा एक तुकडा दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पाठ शिसवीची : कुणा पारशी बाईच्या पलंगाचं
डोक्याकडचं फळकुट.
छाती परदेशी स्प्रूसची, दोन मिलिमीटर, सव्वादोन नाही,
बल्बसमोर धरली तर मागे बोटांची सावली हलावी.
सांध्यांत सरस, कातडं उकळून गाळलेला.
वर लाख, कापसाच्या बोळ्याने, शंभरदा, सव्वाशेदा,
म्हणून तिच्याजवळ स्पिरिट नको, सेंट नको,
डासांचं मलम लावलेला हात तर नकोच नको,
तो ठसा सोडतो आणि ठसा जात नाही.

तारा रोज सैल करू नको, म्हणाले,
रोज कसू पण नको.
कुणाला दररोज माफी मागायला लावली
की ते जसं होते, तसंच लाकडाचं.

जुलैत ती फुगते.
तारा पट्टीपासून उचलल्या जातात, बोटांची टोकं सोलतात.
तेव्हा मी कमी वाजवते. भांडत नाही.

तडा गेला तो डिसेंबरात.
मालाडला, नणंदेच्या खोलीत, एसी अठरावर, चार रात्री.
पाचव्या पहाटे टक् असा आवाज,
अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा.
मी नणंदेला काय काय बोलले.

किणींनी पेटी उघडली आणि आधी गिटारकडे पाहिलंच नाही.
पुड्या मोजल्या. एकेक बाहेर काढून, टेबलावर, ओळीने.
तेवीस.
बोंबील वाळत घातलंस का गो?

वर्षभर मी ओलीला भीत होते.
खाऊ नका लिहिलेल्या पुड्या
पेटीत बसून लाकडातलं पाणी खात होत्या,
आणि मी दर सोमवारी नवीन वाढत होते.

पाच दिवस तिच्या शेजारी ओलं फडकं ठेवलं,
तड्याचे ओठ आपणहून जवळ यावेत म्हणून.
मग सरस. मग आतून चकत्या, जुन्या पाच पैशांएवढ्या.
काम दाखवायला त्यांनी दाताच्या डॉक्टरचा आरसा
आत सोडला, बरोबर छोटा दिवा.
पंख्यासारख्या पसरलेल्या काड्या दिसल्या, चकत्या दिसल्या,
आणि एका काडीच्या कडेला, पेन्सिलीने, उलटं :
१४ मे. पाणी नाही. रोझलिनने फोन ठेवला.

आरसा त्यांनी पटकन ओढून घेतला.
ते तुला वाचायला नव्हतं, म्हणाले.
मी म्हटलं, आरशात उलटं दिसतं, मला लागलं नाही.
दोघांनीही ते खरं मानलं.

आता पेटीत तीनच पुड्या.
थंडीत त्यासुद्धा नाहीत; साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत
पिळून घेतलेला स्पंज. काटा पन्नाशीच्या आसपास राहिला
तर मी त्याच्याकडे बघत नाही.

दुकान बंद करून आले की हात धुते, पुसते, परत पुसते.
धड्यातल्या त्याच जागी अडखळते, जिथे करंगळी पुरत नाही.
खालचा जाड सूर छातीतून निघताना
त्या काडीवरून जातो,
पाणी न आलेल्या दिवसावरून,
ठेवलेल्या फोनवरून,
आणि मग माझ्या खोलीत येतो.