कप क्रमांक सतरा

चाळकेवाडीच्या सड्यावर आम्ही चाळीस कप पुरलेत,
आइस्क्रीमचे, साताऱ्यातल्या एका लग्नातून धुऊन आणलेले.
तोंड जमिनीच्या बरोबरीनं, आत साबण आणि मिठाचं पाणी.
रात्री जो चालतो तो पडतो.
सकाळी मोजतो.

आम्ही म्हणजे मी, प्रयोगशाळा परिचर, निवृत्तीला अकरा महिने,
आणि शाहीन मुलाणीची जुनी वही.
शाहीन स्वतः नकाशाच्या त्या टोकाला आहे
जिथं कागद संपतो आणि वरची लाकडी पट्टी सुरू होते.

तिथंही ती कपच पुरते.
वीतभर खाली जमीन गोठलेली असते म्हणे,
खड्ड्याला पहार पुरत नाही, धीर लागतो.
सगळ्यात उंच झाड तिच्या घोट्याला लागतं.

मी उलट लिहिलं: इथंही तेच, पोरी.
जांभ्यावर माती बोटाच्या पेरभर,
गवत गुडघ्यावर यायला लाजतं,
आणि वारा पवनचक्क्यांना पुरून उरतो.
तुझ्याकडे पौष मारतो, माझ्याकडे चैत्र.
मधल्या चार दिवसांत सगळ्यांनी सगळं उरकायचं.

तिच्या पत्रात तक्ता येतो.
ओल्या शेवाळात टाचणीच्या डोक्याएवढे, चादर विणणारे.
कोरड्या खडीवर लांडगे कोळी, जाळं न बांधणारे,
आठही पायांवर पोट असलेले.
बर्फ उशिरा वितळतो त्या खळग्यात: शून्य.
शून्यालाही ती रकाना देते. ते मी शिकवलं तिला.

माझा तक्ता असा:
भेगेत रेशमाची नळी, दारात दोन पाय,
दुपारी उंबऱ्यावर कुणी बसावं तसे.
कुंडाच्या काठाला पाण्यावरून चालणारी एक.
दगड उचलला की तिरके पळणारे, खेकड्याच्या चालीचे.
आणि चौदा नंबरच्या पवनचक्कीच्या शिडीत
दुसऱ्या पायरीपासून पाचवीपर्यंत एक गोल जाळं,
पातं फिरलं की सगळंच्या सगळं थरथरणारं.
अधिवास काय लिहायचा?
मी 'लोखंड' लिहिलं.

"काय गावतंय?" कोंडीबा ढेबे म्हशी थांबवून विचारतो.
कोळी, म्हटलं.
"दर्यावरचं?"
आठ पायांचं.
"आन ते तर माज्या छपरात बी हायत की.
त्येच्यापायी एवढा डोंगर चढलास?"
मला सुचलं नाही काही.
त्याची म्हैस तेवढ्यात सतरा नंबरवरून गेली.

आज किती मेले ते वहीत असतं.
आजवर किती, याला रकाना नाही.

शाहीन लिहिते, काका, इथं लांडगीण उन्हाळ्यात एकदाच
अंड्यांची पिशवी बांधायची. आता उन्हाळा लांबलाय,
काही जणी दुसऱ्यांदा बांधतायत.
ऐकायला बरं वाटतं ना?
मला रात्री झोप येत नाही.
अर्थात इथं रात्रही येत नाही.

सतराचा कप चेपला होता, खुराच्या खुणेत पाणी सांडलेलं,
आणि कोरड्या तळाशी ती उभी, तपकिरी,
पाठीवर सगळी पिल्लं,
इतकी, की पाठ दिसत नव्हती, नुसती हलणारी लव.
मोजू लागलो. एकोणतीसला एक खाली उतरलं,
पायावरून परत चढलं, मी चुकलो.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलो.

नियमानं कप बिघडला की नोंद बाद.
चिमटा हातात होता, बाटलीचं बूच उघडं.
मी कप आडवा केला.
ती लगेच गेली नाही. कडेला थांबली,
वारा कुठून येतो ते बघत असावी,
मग जांभ्याच्या एका भोकात, ओझ्यासकट, सरळ.

वहीत काय लिहिलं ते शाहीनला कळवलेलं नाही अजून.
सतरा: एक. पाठीवर, आणि मग खोडलेलं,
आणि मग शेऱ्यात: म्हैस.

कोंडीबानं तेवढ्यात नवा कप पुरायला जागा दाखवली,
"हितं ठेव, हितनं जनावर जात न्हाई."
कुठलं जनावर, हे दोघांनीही विचारलं नाही.